सात चष्म्यांचं घर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी करीमचाचांची चहाची टपरी आहे. सकाळी साडेसातला मनोहर तिथे येतो, बाकावर बसतो आणि म्हणतो, "चाचा, एका मानसाचं पानी पातेल्यात टाका. त्याच्यात चिमूटभर पत्ती, चमचाभर साखर. आद्रक ठेचून टाका. उकळलं का अर्धं दूध टाका, अजून दोन उकळ्या येऊ द्या, मंग गाळा अन् काचेच्या गिलासात माह्यासमोर ठेवा."

चाचा रोज हे सगळं शांतपणे ऐकून घेतात. चार वर्षांत एकदाच ते वैतागले.

"अरे मनोहरभाऊ, सीधं चहा म्हना ना! सारं गाव चहाच म्हनते."

"चहा म्हटलं का चहा म्हंजे काय, ते तुमी आठवाले जाता. तिथून परत येता. हा हेलपाटा कायले? जागच्या जागी सांगून टाकतो, विषय खतम."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपर तोंडासमोर धरला. मनोहरच्या वादात तिसऱ्या माणसानं पडलं की दोघंही त्यालाच समजावत बसतात, हे मी तोवर शिकलो होतो.

माझं म्हणाल तर मी निवृत्त वाहतूक नियंत्रक. मंगरूळपीरच्या बसस्थानकावर पंचवीस वर्षं भोंग्यातून गाड्या पुकारल्या. गावात मला अजूनही कंट्रोलरसायेब म्हणतात. मनोहर माझ्या दिवंगत मित्राचा मुलगा, आमच्यापासून चार घरं सोडून राहतो. वय पंचेचाळीसच्या आसपास. वडील गेल्यावर आई एकटी पडली म्हणून चार वर्षांपूर्वी पुणं सोडून तो इथे आला आणि घरी बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करू लागला.

कॉम्प्युटरपुढे बसणारा माणूस सातबारा काढून देतो, अशी आमच्या गावाची पक्की समजूत आहे. त्यामुळे मनोहरच्या दाराशी सातबारावाले, परीक्षेचे फॉर्मवाले, बंद पडलेला प्रिंटर काखेत मारून आलेले असे कोणी ना कोणी असतंच. तो सगळ्यांचं करून देतो. पण त्याचं खरं काम निराळं. माणसं प्रोग्राम लिहितात, आणि तो यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवणारा आणखी एक प्रोग्राम असतो. त्याला कंपायलर म्हणतात. मनोहर हा कंपायलर सुधारतो. नुसतं उतरवून भागत नाही म्हणे, उतरवता उतरवता काटछाट करून प्रोग्राम जोरात पळेल असंही पाहावं लागतं. त्यात मनोहरचा हातखंडा म्हणजे इनलाइनिंग.

हे इनलाइनिंग त्यानं मला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजलं, कारण त्यात बसस्थानक होतं.

"काका, तुमच्या स्टँडवर चौकशीची खिडकी होती ना?"

"होती."

"मानूस फलाटावरून उठे, खिडकीपाशी ये, वेळ विचारे अन् परत जाये. बरोबर?"

"बरोबर."

"तुमी फलाटावरच वेळ लिहून टाकली असती तं?"

"तर मला दुपारी जेवता आलं असतं."

"हेच इनलाइनिंग! फंक्शन म्हंजे तुमची खिडकी. दर वेळी तिच्यापाशी जाऊन तिले विचारन्यापेक्षा, ती जे करते ते जिथी पाह्यजे तिथीच मांडून टाकाचं. जागच्या जागी. हेलपाटाच नाही."

मी सहज म्हणालो, "पण बाबा, प्रत्येक फलाटावर सगळ्या गाड्यांच्या सगळ्या वेळा लिहिल्या तर भिंतीवर जागा राहायची नाही."

मनोहर माझ्याकडे बघतच राहिला. "काका, हे तुमाले कोनं शिकवलं? आमी त्याले कोड फुगनं म्हनतो. म्हनून लहान काम असंल तं मांडाचं, मोठं असंल तं बोलावलेलंच बरं." त्या दिवसापासून तो मला आपल्या क्षेत्रातला माणूस समजतो. मीही त्याचा गैरसमज दूर केलेला नाही. या वयात कोणी कशातला तरी समजतो, हेच पुष्कळ.

हे काम त्यानं टेबलावर ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण ते त्याच्या बोलण्यात उतरलं होतं. तो मामा म्हणत नाही. "काल आईचा लहाना भाऊ आल्ता," म्हणतो. आत्या म्हणजे "बाबाची मोठी बहीन". त्याच्या पंक्तीला जेवायला बसलं की अर्धी भाजी सांगण्यातच संपते.

वडिलांच्या श्राद्धाला गुरुजींनी पितरांचं स्मरण करायला सांगितलं, तेव्हा मी शेजारीच पाटावर होतो. मनोहरनं हात जोडले आणि सुरू केलं, "माह्ये वडील, त्यायचे वडील, त्यायच्या वडिलायचे वडील, त्यायच्या वडिलायच्या वडिलायचे वडील..."

पाचव्या पिढीला गुरुजींनी पळी खाली ठेवली. "यजमान, कुठवर?"

"तेच तं सांगून राह्यलो गुरुजी. हे स्वतःलेच बोलावते. असं असलं का उलगडाच्या भानगडीत पडू नये, संपतच नाही. तुमी आपलं पितर म्हना."

गुरुजी सुरुवातीपासून पितरच म्हणत होते. पण दक्षिणा व्हायची होती, म्हणून त्यांनी पळी पुन्हा उचलली.

त्याचं लग्न झालेलं नाही. का झालं नाही, हे गल्लीतल्या प्रत्येकीनं त्याला एकेकदाच विचारलं. माझ्या बायकोनं, कुसुमनं, विचारलं तेव्हा त्यानं नववीपासून सुरुवात केली. ती घरी परतली तोवर गॅसवरची वांग्याची भाजी कोळसा झाली होती, आणि कारण तिला तरीही कळलं नव्हतं.

त्याची कामाची भाषा फंक्शनल जातीची, म्हणजे सगळा कारभार फंक्शनांवरच चालवणारी आहे, आणि त्या जातीत शुद्ध-अशुद्ध असतं, हेही मला टपरीवरच कळलं. "शुद्ध फंक्शन म्हंजे तेच देलं का तेच परत येते," तो सांगत होता. "मधात दुसरी काहीच भानगड करत नाही. आता आपले चाचा घ्या. चाचा शुद्ध नाहीत."

चाचांच्या हातातली गाळणी थांबली. "मी काहून शुद्ध नाई?"

"तुमी चहा देता देता साऱ्या गावाची खबर बी देता. त्याले साईड इफेक्ट म्हनतात. शुद्ध फंक्शनाचं उत्तर कोनी वापरत नसंल तं कंपायलर ते सरळ काढून फेकते, कोनाचं काही बिघडत नाही. पन तुमाले काढून फेकलं तं गावाले खबर कोन देईन?"

चाचांना आपण अशुद्ध असल्याचा इतका आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांनी मनोहरच्या चहात वेलची टाकली. मनोहरनं तक्रार केली, यादीत वेलची नव्हती.

आता त्याच्या आईबद्दल. सरूवहिनींनी जन्मभर गावाबाहेरच्या पाऊण एकरात मेथी, वांगी आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पिकवला आणि आठवडी बाजारात बसून विकला. बागेच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला हाक मारायची सवय, त्यामुळे आवाज असा की माझ्या भोंग्याला लाज वाटावी. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. बाग पुतण्याकडे गेली आणि वहिनी पुढच्या खोलीतल्या खाटेवर आल्या. आवाज मात्र होता तेवढाच राहिला.

"मनूऽऽ, चस्मा कुठी हाय रे?"

"मनूऽऽ, पानी दे."

"मनूऽऽ, नखं काढाचं कुठी ठेवलं?"

मनोहर तेव्हा आतल्या खोलीत परदेशातल्या चार-पाच जणांशी पडद्यावर बोलत असे. बोलता बोलता उठायचा, चष्मा शोधून द्यायचा, परत जाऊन बसायचा. बसतो न बसतो तोच पाणी. माईक बंद करायचं त्याच्या लक्षात राहत नसे. त्या पडद्यावरच्या गोऱ्या मंडळींत एक दाढीवाले गृहस्थ आहेत, ते मनोहर दिसला की आधी "मनूऽऽ" म्हणतात. हेल अगदी वहिनींचा.

शेवटी मनोहरनं आठवडाभर वही घेऊन मोजदाद केली. दिवसाला एकोणीस हाका. त्यातल्या निम्म्या तर चष्म्याच्याच. एकोणीस हेलपाटे! एवढं निघाल्यावर त्याचा हात शिवशिवला नसता तरच नवल.

पंधरा दिवसांनी त्यानं मला आणि कुसुमला घर बघायला बोलावलं. खाटेच्या डोक्याशी खिळा, खिळ्याला काळा दोरा, दोऱ्याला चष्मा. देवघरात तसाच चष्मा. स्वयंपाकघरात, पडवीत, न्हाणीघराच्या फळीवर, टीव्हीजवळ, मागच्या दारी. एकूण सात, सगळे एकाच नंबरचे. पाण्याचे माठ चार. कात्र्या, काड्यापेट्या, नेलकटर आणि गुडघ्याला चोळायच्या मलमाच्या बाटल्या तर जिथे हात टेकेल तिथे. लोखंडी कपाट आणि फ्रीज मात्र एकेकच होते. "ते मोठे हायेत," तो मला हळूच म्हणाला. "फुगते." आपण दोघं एका क्षेत्रातले, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

कुसुमचा पाय दुसऱ्या माठाला लागला. "मनोहर, हे घर हाय का जत्रेतलं दुकान?"

"काकू, मायले आता कोनालेच हाक माराची गरज नाही."

सरूवहिनी खाटेवर बसून होत्या. "लय केलं बाप्पा लेकानं," म्हणाल्या. आणि दोऱ्याला लटकलेला चष्मा बोटानं फिरवत राहिल्या.

हाका बंद झाल्या. हे पहिल्यांदा जाणवलं ते आमच्या स्वयंपाकघराला, कारण वहिनींच्या सकाळच्या तिसऱ्या हाकेला कुकर चढवायचा असा कुसुमचा नेम होता. आता आमचं जेवण कधी बाराला, कधी दीडला. मनोहर मात्र खुशीत होता. "काका, एकोनीसवरून शून्य!" एवढी मोठी सुधारणा त्याला कंपायलरमध्येही कधी जमली नव्हती म्हणे.

दीडेक महिन्यानं कुसुम त्यांच्याकडून डोळे पुसत आली. सरूवहिनी कामरगावला धाकट्या बहिणीकडे निघाल्या होत्या. चार दिवसांसाठी नाही, कायमच्या. पिशवी भरून ठेवली होती. कारण विचारलं तर म्हणाल्या, "लेकाचा काही दोष नाई वं कुसुम. इथी सारं हाताशी हाय. मले काहीच मागा लागत नाई. मंग मी दिवसभर करू काय?"

मनोहरला यातलं दुसरंच ऐकू आलं. काहीतरी हाताशी ठेवायचं राहून गेलं, असं त्यानं धरलं. आठवा चष्मा आणला. टीव्हीचा दुसरा रिमोट आणला. पिशवी भरलेली ती भरलेलीच. मग एका संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "काका, म्या पुनं सोडलं ते हिच्यासाठी. ही गेली तं मी या घरात कोनासाठी राहू?"

ज्याला साधा चहाही पातेल्यापासून गिलासापर्यंत उलगडून मागायची सवय, तो हे दोन वाक्यांत बोलला. मी जन्मभर गाड्या सोडणारा माणूस, जाणाऱ्याला थांबवायचं काम माझ्याकडे कधी नव्हतंच.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, तो टपरीवर आला आणि म्हणाला, "चाचा, चहा द्या."

चाचांनी गॅस बारीक केला. "तब्बेत बरी हाय ना भाऊ?"

मनोहर माझ्या शेजारी टेकला. "काका, कामात घोळ झाला. माह्याच हातून."

मी पेपर खाली ठेवला. घोळ असा होता. एका ठिकाणी एक प्रोग्राम अखंड चालू असतो. त्यात एक छोटंसं फंक्शन होतं, ते दर मिनिटाला एक ओळ लिहायचं, मी चालू आहे. बाकी काही नाही. दूर कुठे बसलेला माणूस ती ओळ बघायचा आणि निश्चिंत राहायचा. मनोहरनं केलेला नवा बदल आत गेला आणि त्या ओळी बंद पडल्या. तिकडे धावपळ उडाली. सगळ्यांना वाटलं, प्रोग्राम बसला. पाहतात तर प्रोग्राम ठणठणीत, हिशेब बरोबर, उलट आधीपेक्षा जोरात पळतोय.

"मग ओळी कुठे गेल्या?" मी विचारलं.

"त्या फंक्शनावर म्याच शुद्ध म्हनून शिक्का मारला होता. कंपायलरनं पाह्यलं, याचं उत्तर तं कोनीच वापरत नाही, ठेवाचं कायले? देलं उडवून. त्याची चूक नाही काका. त्याले म्याच खोटं सांगतलं."

चाचांनी चहा आणून ठेवला. मनोहरनं गिलासाला हात लावला नाही.

"उत्तर कोनाले पाह्यजेच नोहतं," तो सावकाश म्हणाला. "ते नुसतं मी हाय म्हनून सांगे. अन् तिकडच्यानं पाह्यलं का झालं." मग म्हणाला, "काका, माय दिवसातून नऊ वेळा चस्मा कुठी हाय म्हने..."

वाक्य त्यानं तिथेच सोडलं. मनोहरनं अर्धवट सोडलेलं ते मी ऐकलेलं पहिलं वाक्य. तो उठला आणि तरातरा घराकडे गेला. "पूरा चहा तसाच," चाचा म्हणाले. गावाला देण्यासारखी ही खबर होती, पण चाचांनी ती कोणाला दिली नाही.

त्याच दिवशी मनोहर पोतं घेऊन घरभर फिरला. आमच्याकडे दोन कात्र्या आणि मलम आलं. टपरीला चार काड्यापेट्या आणि एक नेलकटर मिळाला, तो अजून तिथे टांगलेला आहे. माठ पुतण्यानं बागेत नेले. चष्मे मनोहरनं कपाटात कुलूपबंद केले, एक तेवढा बाहेर ठेवला. सरूवहिनींनी हे सगळं पाहिलं. पिशवी मात्र रिकामी केली नाही. सोमवारी निघायचं ठरलं होतं ते ठरलेलंच होतं.

सोमवारी मला त्यांचा निरोप, "भाऊ, तुमीच गाडीत बसवून द्या." कारंज्यावरून कामरगावला जाणारी गाडी साडेनऊची. मी नऊलाच गेलो. वहिनी धुवट लुगडं नेसून खाटेवर बसल्या होत्या, पायाशी पिशवी. मनोहर आत पडद्यापुढे. वहिनींनी उठण्याआधी उशीशी हात नेला, खिळ्याकडे नेला. खिळा रिकामा होता.

मग घरभर घुमेल असा आवाज निघाला, "मनूऽऽ! माहा चस्मा कुठी हाय रे?"

चार घरं पलीकडे कुसुमनं सवयीनं कुकर चढवला, हे मला नंतर कळलं. आत कॉम्प्युटरमधून कोणीतरी आनंदानं "मनूऽऽ" करून ओरडलं. मनोहर गळ्यात हेडफोन अडकवून बाहेर आला.

"पाह्यतो माय."

त्यानं खाटेखाली पाहिलं, देवघरात पाहिलं, फ्रीज उघडून पाहिला. "अरे, फ्रीजात कायले राह्यते?" वहिनी ओरडल्या. "तिकडं पाह्य, टीव्हीमांगं. तुह्या बापाचं बी असंच होतं, धोतराच्या सोग्यात तमाखूची पिशवी अन् सारी बाग शोधत फिरे..." आणि मग बापाची गोष्ट निघाली, तिच्यातून बागेतल्या विहिरीची निघाली, विहिरीतून त्या साली कुजलेल्या वांग्यांची. दीड महिन्यात बोलल्या नसतील तेवढ्या वहिनी त्या पंधरा मिनिटांत बोलल्या. मनोहर गुडघ्यांवर बसून खाटेखाली वाकला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या खिशातून चष्म्याची काडी बाहेर डोकावली. मी पाहिली. मी पाहिली हे त्यानंही पाहिलं.

"भाऊ," वहिनी माझ्याकडे वळल्या, "गाडी गेली काय?"

माझ्या घड्याळात नऊ वाजून सतरा मिनिटं झाली होती. ऑटोनं स्टँड पाच मिनिटांवर. पंचवीस वर्षांत मी प्रवाशाला गाडीची वेळ एकदाही चुकीची सांगितली नव्हती.

"गेली," मी म्हणालो.

"जाऊ दे मंग. उद्या पाहू." त्यांनी पाय वर घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीचं विचारलं नाही, त्यानंतरही नाही. त्या खोट्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही, उलट बरंच वाटतं.

परवा मी सहज त्यांच्याकडे डोकावलो. मनोहर आत कामात होता. सरूवहिनी चष्मा लावून मेथीच्या बियाण्याचं पाकीट वाचत होत्या. मला बसायला सांगितलं. वाचून झालं. मग त्यांनी चष्मा काढला, नीट मिटला, उशीखाली सारला आणि माझ्याकडे न बघता हाक मारली, "मनूऽऽ, चस्मा कुठी हाय रे?"

"आलो माय," आतून आवाज आला. एवढंच. त्यात उलगडून सांगितलेलं काही नव्हतं.

तो आला. टीव्हीमागे पाहिलं, देवघरात पाहिलं, पडवीत जाऊन आला. शोधता शोधता आईला विचारलं, आज वरण करू का पिठलं, गुडघा कसा आहे, पुतण्याची मेथी उगवली का. ती सांगत होती. उशीच्या कडेनं काळा दोरा चांगला वीतभर बाहेर लोंबत होता. मला खुर्चीतून दिसत होता, आणि तो दोरा तर त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेला.

उशी त्यानं सगळ्यात शेवटी उचलली.